बाईंच्या आईची कंपनी

मार्च लागला की आमच्या घरातले आवाज खाली येतात. टीव्हीचा, मिक्सरचा, सुनेच्या फोनवरच्या बोलण्याचा. यंदा धाकट्या नातीची बारावी आहे. दुपारची जेवणं झाली की ती पुस्तकं घेऊन खिडकीशी बसते आणि मला हाक मारते, "आजी, इकडे बस ना. कंपनी दे."

मी म्हणते, "मला काय येतं तुझ्या अभ्यासातलं?"

"काही यायला नको. नुसती बस."

मग मी लसूण घेऊन बसते. ती वाचते, मी सोलते. तासभर कोणी कोणाशी बोलत नाही. तिला डुलकी लागली की मी पायानं तिची खुर्ची हलवते. एवढंच माझं काम.

नुसतं बसण्याचं काम मी पूर्वीही केलेलं आहे आणि तेही पगारी. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. त्या कामालाही लोक कंपनीच म्हणत. या एका शब्दावर माझं एक लग्न ठरलं होतं आणि त्याच शब्दावर ते मोडलं. गोष्ट रडण्यासारखी नाही. तशी असती तर मी लिहायला बसले नसते.

हा शब्द विचित्र आहे. माझा मुलगा लोअर परळला एका काचेच्या इमारतीत जातो, त्याला तो माझी कंपनी म्हणतो. ती कंपनी त्याची नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. शेजारची सून सांगते, आमच्या धाकट्याला कंपनी वाईट लागली. म्हणजे पोरगा टवाळांत फिरतो. माझा नवरा असताना त्याचे मित्र यायचे, एक जण हात पुढे करून म्हणायचा, "मी घेत नाही, कंपनी म्हणून बसतो," आणि सगळ्यांत जास्त तोच प्यायचा. नात म्हणते, कंपनी दे. द्यायची म्हणजे काय, तर आपण तिथं असायचं.

मराठीत त्याला सोबत म्हणतात. पण सोबत वेगळी. आमच्या चाळीत सोबत लागायची ती अंधारात संडासाला जाताना, बाळंतिणीला, ज्या घरात माणूस गेलं त्या घराला दहा दिवस. सोबतीला बोलावलं की आपण जायचो, विचारायचो नाही. सोबतीला कधी पगार नव्हता. पगार आला की तिची कंपनी होते, हे मी फार लवकर शिकले.

तो उन्हाळा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला. साल विचाराल तर छातीठोक सांगता येणार नाही. राज्य अजून मिळालं नव्हतं, एवढं नक्की. लालबागला आमच्या चाळीच्या भिंतीवर चुन्यानं मोठी अक्षरं रंगवलेली होती आणि पोरं जिन्यात मोर्चा-मोर्चा खेळायची. त्यांच्यात पोलीस व्हायला कोणी तयार नसायचं, म्हणून सगळ्यांत लहानाला पोलीस करत. वरती गच्चीवर बायकांचे पापड आणि कुरडया वाळत घातलेल्या असत. रोज त्यांच्यावर गिरणीच्या धुराची काजळी बसायची. संध्याकाळी धोतराच्या फडक्यानं एकेक पापड पुसावा लागे. पण हरताळ पडला की धुरांडी बंद. त्या दिवशीच्या कुरडया संध्याकाळपर्यंत तशाच पांढऱ्याशुभ्र. पुरुष सभेला गेलेले असायचे, बायका मान वर करून आभाळ बघायच्या आणि म्हणायच्या, आजचं वाळवण चांगलं झालं. चळवळीची आठवण म्हणून लोक भाषणं सांगतात. मला त्या कुरडया आठवतात.

आमच्या मजल्यावर गंगूमावशी राहायची. दादरच्या एका शाळेत ती शिपाईण होती. तिच्या शाळेतल्या मालतीबाईंनी तिला सांगितलं, "गंगू, माझी आई गिरगावात एकटीच आहे. भाऊ सत्याग्रहात पकडला गेलाय. आईला कंपनी पाहिजे. एखादी चांगली मुलगी बघ." गंगूमावशीनं दादरपासून लालबागपर्यंत हे वाक्य नीट सांभाळून आणलं, पण जिन्यात ते तिच्या हातून घसरलं. आईला कंपनी पाहिजे, याचं आईची कंपनी आहे असं झालं.

आमची आई मालवणकडची. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "खंयची कंपनी गो?"

"गिरगावची. बाईंच्या आईची."

"बायलमाणसाची कंपनी?"

"शिकलेली माणसं ती. त्यांच्यात असतं."

"कसली पण?"

"ते काय मी विचारलं नाही बाई. पोरगी पायजे म्हणाल्या, चांगली."

संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यावर चर्चा. कोणी म्हणालं साबणाची असेल, कोणी म्हणालं बिस्किटांची. आईनं मनाशी औषधांची ठरवून टाकली. औषधं बारा महिने खपतात, म्हणाली. मी चौथी पास होते. दाखला वहीच्या पुठ्ठ्यात घालून, निळी वायलची साडी नेसून, डब्यात भाकरी आणि सुकट घेऊन सोमवारी सकाळी ट्रामनं गिरगावात उतरले.

पत्त्यावर एक तीन मजली इमारत. पाटी कुठंच नाही. खालच्या मजल्यावर एक गृहस्थ गॅलरीत दाढी करत होते. त्यांना विचारलं, "कंपनी कुठल्या मजल्यावर आहे हो?"

"इथं राहती घरं आहेत," ते म्हणाले आणि गाल फुगवून पुढची दाढी करू लागले.

दुसऱ्या मजल्यावर मालतीबाई दारातच उभ्या होत्या. मी नमस्कार केला आणि दाखला काढून पुढे धरला. त्यांनी तो बघितलाही नाही. "राहू दे गं तो," म्हणाल्या.

"मशीन कुठलं असतं?" मी विचारलं.

"मशीन कसलं?"

"मग माल भरायचा का?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "इंदू, तुला काही करायचं नाही. स्वयंपाकाला बाई येते, भांड्यांना बाई येते. तू नऊपासून सहापर्यंत आईजवळ बसायचंस. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिला कंपनी द्यायची."

एवढ्यात आतून खणखणीत आवाज आला, "मालती, मला कुणाची सोबत नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"सोबत नाही गं माई. कंपनी."

"मग हरकत नाही. येऊ दे."

तेव्हा मला हसू आलं होतं. आता कळतं की म्हातारीला सोबत लागते हे त्या घरात मराठीत बोलता येत नव्हतं. इंग्रजीत बोललं की कोणाचीच मान खाली जात नव्हती. तिचीही नाही आणि पगार देऊन माणूस बसवणाऱ्या लेकीचीही नाही. माझी मात्र गेली. दुपारी भांडी घासणारी आली, मला बसलेली बघून म्हणाली, "नुसतं बसायचा पगार? पुढच्या जन्मी मी पण बसणार गं बाई."

माई म्हणजे हाडकुळी, उंच, पांढऱ्या केसांची. दिसायचं कमी, पण समजायचं सगळं. पहिल्याच दिवशी मी कोपऱ्यात तोंड फिरवून डबा उघडला, तर नाक वर करून म्हणाली, "सुकट?" मला वाटलं, आता हाकलते. म्हणाली, "कांदा जास्त पडलाय. उद्या जास्त आण आणि कांदा कमी घाल." दुसऱ्या दिवसापासून मी दोघींची सुकट नेऊ लागले. तिच्या स्वयंपाकाच्या बाईला या गोष्टीचा फार राग होता.

मला बसता येत नव्हतं. आमच्या घरात बाईमाणूस बसलं तरी हातात काहीतरी असायचं. निवडायला तांदूळ, उसवायला जुनं लुगडं. इथं हात रिकामे. पहिले चार दिवस मी चटईच्या काड्या मोडल्या. शेवटी माई म्हणाली, "उंदीर आलाय की काय घरात? तो पेपर घे आणि वाच." मी वाचायला लागले. सुटी अक्षरं मी धडाधड वाचायची, जोडाक्षर आलं की गाडी थांबायची. आणि त्या दिवसांत पेपरात पहिलाच शब्द संयुक्त. सं झाला, यु झाला, पुढे क्त.

"तो क अर्धा आहे," माई म्हणायची. "अर्धा म्हणजे लंगडा नव्हे. पुढच्याचा हात धरलाय त्यानं. दोघांना एकदम म्हण."

पेपरात सुटलेल्या सत्याग्रहींची नावं यायची. ती वाचताना माई बोलायची नाही. तिच्या मुलाचं नाव आलं नाही की म्हणायची, "हं, आता हवामान वाच." मी हवामान वाचायची. रोज ऊनच असायचं.

गिरगावच्या दुकानांवर कुठं आणि कंपनी असं लिहिलेलं असतं, कुठं आणि मंडळी. मी एकदा विचारलं, ही मंडळी कोण? माई म्हणाली, "दोन्ही एकच. कंपनीला मराठीत मंडळी म्हणतात. बायकोलाही मंडळीच म्हणतात. आमचे हे म्हणायचे, आमची मंडळी माहेरी गेलीय. मी एकटीच, आणि मंडळी! ज्याला वाटतं आपल्याकडे पुष्कळ माणसं आहेत, त्याच्याकडे बहुतेक एकच असतं." असलं काहीतरी ती बोलायची आणि लगेच चहा टाकायला सांगायची.

घरी मी आईला पहिल्याच संध्याकाळी खरं सांगितलं होतं. आईनं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, चाळीत सांगू नको. चाळीनं आधीच मला औषधांच्या कंपनीत नेऊन बसवलं होतं. बायका माझ्याकडे डोकेदुखीच्या गोळ्या मागायच्या. मी सांगायची, आणायची परवानगी नाही. तेवढं एक खोटं मी स्वतः बोलले आहे.

महिन्याभरानं दत्तारामचं स्थळ आलं. परळच्या चाळीतला, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. आईबाप नव्हते, मोठ्या बहिणीनं वाढवलेला. तिला सगळे आक्का म्हणत. गिरणीत त्या वर्षी आज हरताळ, उद्या संप असं चाललं होतं, म्हणून आक्काला बाहेर काम करणारी मुलगी हवी होती. रविवारी सकाळी ती दोघं आली. तो खाली मान घालून बसला होता. त्याच्या कानामागे कापसाचा एक धागा चिकटलेला होता आणि मी सगळा वेळ त्या धाग्याकडे बघत होते.

आक्कानं विचारलं, "मुलगी काय करते?"

"गिरगावात कंपनीत आसा," आई म्हणाली.

"पाळी असते?"

"पाळी नाय. सकाळी जाता, सांजेक येता."

"उभं राहून काम, की..."

"बसून," आई म्हणाली.

आक्कानं माझ्याकडे नव्यानं बघितलं. आमच्या भागात बायका गिरणीत आठ-आठ तास उभ्या राहून सूत भरायच्या, त्यांच्या पोटऱ्यांच्या शिरा फुगलेल्या असायच्या. बसून काम म्हणजे टेबल, पेन, डोक्यावर पंखा. आईच्या तोंडून एकही शब्द खोटा निघाला नव्हता. मी पोह्यांची बशी पुढे केली आणि बोलले नाही. मीही खोटं बोलले नाही. पण आक्काला काय वाटलंय, ते मला कळलं होतं.

तीन दिवसांत होकार आला. साखरपुडा पुढच्या पंधरवड्यात ठरला. मी आईला म्हटलं, "त्यांना सांगायला हवं."

"गप रव," आई म्हणाली. "लगीन झाला की कंपनी सोडली म्हणान सांगाचा. कोण बघूक जाता?"

माईला सांगितलं तर ती इतकी हसली की डोळे पुसायला पदर घ्यावा लागला. "मग मी कशाचा कारखाना काढलाय म्हणालात?"

"औषधांचा."

"बरोबर. कडू आहेच मी." मग हसणं थांबवून म्हणाली, "त्या मुलाला सांग."

"लग्न मोडेल."

"मोडेल कदाचित," ती म्हणाली. मोडणार नाही असं नाही म्हणाली. मला तिचा राग आला. पण तिनं खोटा धीर दिला असता तर जास्त आला असता.

सांगायचं तर कसं? ठरलेल्या मुलाला मुलीनं जाऊन भेटण्याची पद्धत नव्हती. पत्र लिहावं तर जोडाक्षरांची पंचाईत. दिवस चालले होते आणि साखरपुडा जवळ येत होता. रोज सकाळी वाटायचं, आज गंगूमावशीकरवी निरोप देऊ. पण गंगूमावशीच्या हाती वाक्य द्यायचं धाडस होत नव्हतं.

आणि मग हरताळ पडला. ट्राम बंद, बस बंद, शाळा बंद. म्हणजे मालतीबाई त्यांच्या दादरच्या घरून येणार नाहीत, स्वयंपाकाची बाई येणार नाही. आदल्या दिवशीच माईनं माझी पाठ वळल्यावर स्वतः स्टोव्ह पेटवायला जाऊन पदराचं टोक जाळून घेतलं होतं. शेजाऱ्यांना ती हाक मारणार नाही, उपाशी बसेल आणि मग स्टोव्हशी जाईल. मी चपला घातल्या आणि चालत निघाले.

नाक्यावर पाच-सहा तरुण उभे होते, कोणी कामावर जात असेल तर त्याला परत पाठवायला. त्यांत दत्ताराम. मला बघून तो पुढे आला.

"कुठं निघालीस?"

"गिरगावात."

"कंपनीत?"

मी म्हटलं, हो.

मागून एक जण ओरडला, "दत्ता, वहिनी हरताळ फोडायला निघाली रे!" बाकीचे हसले. दत्तारामचे कान लाल झाले. त्या दिवसांत कामावर जाणाऱ्या माणसाला चाळीत वर्षभर कोणी पाणी विचारत नसे, अशी हवा होती. आणि इथं त्याचीच ठरलेली बायको.

"गिरण्या बंद, दुकानं बंद, हॉटेलं बंद," तो म्हणाला. "आणि तुझी कंपनी चालू? कोण मालक आहे तुझा? नाव सांग."

एवढ्या माणसांसमोर सांगायचं माझ्या मनात नव्हतं. पण हरताळ फोडणारी म्हणून अपमान मी कशाला सोसू, असं वाटलं आणि तोंड उघडलं. "मालक कोणी नाही. कंपनी पण नाही. एक म्हातारी आहे, तिला डोळ्यांनी दिसत नाही. तिचा मुलगा याच चळवळीत तुरुंगात आहे. मी तिच्याजवळ बसते. त्याला ती माणसं कंपनी म्हणतात."

"म्हणजे?"

"म्हणजे तेवढंच. बसते."

मागचे हसायचे थांबले. दत्तारामनं मानेवरचा घाम पुसला. "मग आक्काला तसं का नाही सांगितलं?"

"आई बोलली. मी गप्प बसले."

त्यानं मागच्या पोरांकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "चल."

"कुठं?"

"तिकडंच. पुढे दगडफेक चाललीय." आणि माझी वाट न बघता चालायला लागला. तो मला सोडायला आला की मी खरं बोलते का ते बघायला, हे मला आजही ठरवता येत नाही. थोडं थोडं दोन्ही असेल.

लालबागपासून गिरगाव चालत दीड तास. भायखळ्यापर्यंत तो दहा पावलं पुढे आणि मी मागे. मुंबईत इतकी शांतता मी पूर्वी ऐकली नव्हती. ट्रामचे रूळ उन्हात लखलखत होते आणि त्यांच्यावर एक मांजर निवांत बसलं होतं. आमच्या चपलांचा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. फळ्या लावलेली दुकानं, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून खाली बघणारी माणसं. दगडफेक कुठं दिसली नाही. रस्त्यावर नुसते दगड पडलेले होते.

भायखळा मागे पडल्यावर कधीतरी तो माझ्या बरोबरीनं चालायला लागला. मी पाय उचलले की त्यानं हळू केलं, लक्षात नाही. दुकानं बंद असली की बघायला पाट्याच उरतात. मी सवयीनं वाचत चालले होते, जोडाक्षरापाशी अडखळत. तो ऐकत होता.

"यांच्या सगळ्यांच्या कंपन्या बंद," तो म्हणाला. "तुझी एकटीची चालू."

मी हसले. आणि मग शहाणपणा दाखवायला म्हटलं, "ती बघा, आणि मंडळी. कंपनीला मराठीत मंडळी म्हणतात."

"बायकोला पण म्हणतात," तो म्हणाला.

त्यानंतर लॅमिंग्टन रोड संपेपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही. ते गप्प बसणं पोह्यांच्या बशीच्या वेळच्या गप्प बसण्यासारखं नव्हतं. ऊन लागत होतं आणि लागत नव्हतं.

माईचं दार नुसतं लोटलेलं होतं. ती ओट्यापाशी पाटावर बसली होती, हातात काड्यापेटी. पाच-सहा विझलेल्या काड्या समोर पडलेल्या. "कोण? इंदू? आज कशी आलीस तू?"

"चालत."

"मूर्ख आहेस," ती म्हणाली आणि काड्यापेटी पुढे केली. मी धावत आत गेले, पदर खोचला, स्टोव्ह साफ केला, पंप मारला. मागे दारात दत्ताराम उभा होता. त्यानं घर बघितलं. खुर्ची, चटई, कालचा पेपर, विझलेल्या काड्या. औषधाची एक बाटली होती, ती माईच्या डोळ्यांत घालायची. मी पातेलं चढवून मागे वळले तेव्हा दार रिकामं होतं.

चार दिवसांनी लग्न मोडलं. आक्काचा निरोप आला, आम्हांला काम करणारी मुलगी हवी, बसणारी नको. दत्तारामनं घरी सांगितलं असेल, नाहीतर नाक्यावरच्या त्या पोरांनी. त्याचा राग मला आला नाही. मी चारचौघांत सांगितलेलं होतं, ते कोणी पुढे सांगू नये असं मी म्हटलेलं नव्हतं. तो स्वतः आला नाही याचा मात्र आला. आई माझ्याशी महिनाभर नीट बोलली नाही. भाकरी पुढे करायची आणि भिंतीकडे बघायची. पावसाळ्याच्या तोंडी माईचा मुलगा सुटून आला आणि माझी कंपनी बंद झाली. जाताना माईनं मला काही दिलं नाही, काही बोललीही नाही. फक्त त्या दिवशीचा पेपर तिनं मुलाला वाचू दिला नाही, मला वाचायला लावला.

मग दोन वर्षांनी माझं प्रभादेवीला लग्न झालं. माणूस चांगला होता, चाळीस वर्षं संसार केला. रस्त्यानं चालताना तो पुढे असायचा, मी मागे. सगळ्यांचेच असायचे. दत्तारामशी लग्न झालं असतं तर तोही असता, अशी माझी खात्री आहे. ठरलेलं लग्न मोडलं म्हणून जन्मभर झुरणाऱ्या बायका गोष्टींत असतात. मला तेवढा वेळ नव्हता.

पण हरताळाच्या त्या दिवसाचं थोडं सांगायचं राहिलं आहे.

भात शिजायला ठेवून मी माईजवळ बसले. तिनं विचारलं, "दारात कोण आलं होतं गं?"

"कोणी नाही. सोबत आले होते."

"लालबागहून?"

"हो."

"एवढ्या उन्हातून चालत? आणि पाणी का नाही दिलंस?"

मी उठले, तांब्या भरला आणि गॅलरीत धावले. खाली रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता. बंद दुकानांच्या कडेनं, सावलीसावलीनं तो चालला होता. फार लांब गेला नव्हता. त्या शांततेत साधी हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. पण काय म्हणून मारायची? अहो म्हणावं तर लग्न झालं नव्हतं. नाव घ्यावं तर लग्न ठरलेलं होतं. भाऊ म्हणणं तर शक्यच नव्हतं. वरून कोणीतरी बघत असणार, गिरगाव ते. मी तांब्या धरून मनातल्या मनात एकेक शब्द लावून बघत उभी राहिले. तो कोपऱ्याशी पोचला, थांबला, चपलेतला खडा काढला. तेवढ्या वेळात एखादा शब्द सापडायला हवा होता. मग तो कोपरा वळला.

पाणी मीच प्यायले. तहान मलाही लागली होती.